जुनी रेमिंग्टन ७०० घेताय? आधी तिचा ट्रिगर बघा

अमेरिकेतल्या कुठल्याही बंदुकीच्या दुकानात जुन्या मालाच्या रॅकवर रेमिंग्टन ७०० हमखास उभी असते. टेक्सस, पेनसिल्व्हेनिया, मिशिगनकडे स्थायिक झालेली आपली मराठी मंडळी हरणाच्या मोसमासाठी पहिली रायफल शोधतात, तेव्हा दुकानदार हीच पुढे करण्याची शक्यता दांडगी. निकाल आधीच सांगून टाकतो. रायफल घ्या, पण १९६२ ते २००६ या काळातली असेल तर तिच्यातला मूळ ट्रिगर बदलल्याशिवाय एकही जिवंत काडतूस आत घालू नका. २००६ नंतरची असेल तर त्याहून थोडं वेगळं गणित आहे, ते पुढे येईल. या लेखात चाप म्हणजे बोटाखालचा तुकडा आणि ट्रिगर म्हणजे त्यामागची सगळी डबी, असं समजून वाचा.

ही रायफल एवढी खपली, त्याला कारणं आहेत. १९६२ मध्ये ७ मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नम या नव्या काडतुसासोबत ती बाजारात आली. तिचा रिसीव्हर, म्हणजे नळीमागचा मधला सांगाडा, गोल पोलादी सळईतून कातलेला, त्यामुळे बनवायला स्वस्त आणि दस्त्यात नीट बसवायला सोपा. काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता तुकडा म्हणजे बोल्ट; काडतुसाचं बूड बोल्टच्या तोंडातल्या वाटीत बसतं, बोल्टचं तोंड नळीच्या खाचेत आणि नळी रिसीव्हरमध्ये. म्हणजे स्फोट होतो त्या जागेभोवती पोलादाची तीन कडी. नेमबाजी इतकी अचूक की अमेरिकन मरीन्सनी १९६६ मध्ये एम-४० आणि लष्कराने १९८८ मध्ये एम-२४ ही स्नायपर रायफल याच सांगाड्यावर उभी केली. पन्नास लाखांहून जास्त नग विकले गेलेत. सुटे भाग, दस्ते, दुर्बिणीचे माउंट, सगळं जगभर मिळतं.

किरकोळ दोष पटकन उरकतो. बोल्टचा दांडा बोल्टला ब्रेझिंगने (पितळी डाकाने) चिकटवलेला असतो आणि क्वचित निखळतो. रिकामं काडतूस ओढणारा एक्स्ट्रॅक्टर अगदी बारीक आहे. बीडीएल मॉडेलमध्ये मॅगझीनचं खालचं झाकण धक्क्याने उघडून काडतुसं पायाशी सांडल्याच्या तक्रारी जुन्याच. २००७ मध्ये कंपनी गुंतवणूक फंडाच्या हाती गेली, त्यानंतरच्या मालात गंज आणि खडबडीत चेंबरची (नळीत काडतूस बसतं त्या जागेची) बोंब वाढली. यातलं काहीच जिवावर बेतणारं नाही.

ट्रिगर मात्र बेतणारा आहे. तो माइक वॉकर या रेमिंग्टनच्या अभियंत्याचा. माणूस बुद्धिमान आणि स्वतः पट्टीचा बेंचरेस्ट (टेबलावर रायफल टेकवून अचूक मारणारा) नेमबाज; .२२२ रेमिंग्टन हे काडतूसही त्याचंच. चाप दाबताना काच तुटावी तसा स्वच्छ, कुठेही न रखडता सुटला पाहिजे, हा त्याचा ध्यास होता, आणि तो त्याने साधला. १९४८ च्या ७२१ आणि ७२२ या मॉडेलांपासून हा ट्रिगर बसवला गेला आणि ७०० मध्ये तसाच आला.

आता डबीच्या आत बघू. काडतुसाच्या बुडावर आपटणारी फायरिंग पिन मागे ताणलेली असते. तिला सिअर नावाचा तुकडा अडवून धरतो. सिअर खाली पडला की पिन सुटते आणि बार उडतो. बहुतेक रायफलींत सिअरला आधार थेट चापाचं वरचं टोक देतं. वॉकरने या दोघांच्या मध्ये कनेक्टर नावाची एक पातळ पोलादी पट्टी घातली. ती चापाला पिनने जोडलेली नाही, स्क्रूने नाही, कशानेच नाही. चापाची स्प्रिंग तिला चापाच्या अंगाला नुसती दाबून ठेवते. त्या पट्टीच्या साधारण अर्ध्या मिलिमीटर कडेवर सिअरचा सगळा भार असतो.

प्रत्येक बाराच्या वेळी चाप मागे ओढला की त्याचं वरचं टोक पट्टीसकट पुढे सरकतं, सिअर खाली पडतो आणि पडताना पट्टीला आणखी पुढे ढकलतो. तेवढ्या क्षणापुरती पट्टी आणि चाप यांच्यामध्ये फट पडते. त्या फटीत बारूदाची काजळी, लाकडाचा भुसा, धातूचा कीस, थिजलेलं तेल किंवा गोठलेला पाण्याचा थेंब अडकला, की पट्टी पूर्ण मागे येत नाही. अर्ध्या मिलिमीटरची पकड पाव मिलिमीटरवर येते, कधी त्याहून कमी. बाहेरून काहीच कळत नाही. रायफल ताणली जाते, सेफ्टी (बार अडवण्यासाठीची कळ) लागते, सगळं ठीक दिसतं. पुढच्या बाराबरोबर तो कण झटकला गेला तर पुरावाही उरत नाही. म्हणूनच अपघातानंतर तज्ज्ञाने रायफल तपासली की ती बऱ्याचदा निर्दोष ठरते आणि ठपका येतो चापावरच्या बोटावर.

दुसरी मेख सेफ्टीत आहे. या रायफलीची सेफ्टी फायरिंग पिनला अडवत नाही. ती सिअरला कनेक्टरवरून किंचित वर उचलते, एवढंच. सेफ्टी लागलेली असताना कनेक्टर खालून मोकळा असतो. तशात कोणी चाप दाबला, किंवा चाप झुडपाला, हातमोज्याला घासला आणि पट्टी जागेवर परतली नाही, तर सेफ्टी सोडताक्षणी सिअर खाली येतो आणि त्याच्या खाली आधारच नसतो. चापाला कोणाचंही बोट नसताना बार उडतो. कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांत अशा तऱ्हांना आद्याक्षरी नावं होती: सेफ्टी सोडल्यावर उडणं म्हणजे एफएसआर, बोल्ट उघडताना एफबीओ, बोल्ट बंद करताना एफबीसी आणि धक्क्याने उडणं म्हणजे जेओ. ज्या गोष्टीला नावं ठेवावी लागतात ती एकदाच घडलेली नसते.

यात १९८२ हे साल महत्त्वाचं. त्याआधीच्या ७०० मध्ये सेफ्टी लावली की बोल्टही कुलूपबंद होत असे. रायफल रिकामी करायची तर बोल्ट उघडायला हवा, आणि बोल्ट उघडायचा तर आधी सेफ्टी सोडायला हवी. म्हणजे शिकार संपवून, दमलेल्या हातांनी, गाडीशेजारी, आजूबाजूला घरची माणसं असताना नेमकी धोक्याची हालचाल करणं भागच होतं. ऑक्टोबर २००० मध्ये मोंटानात एक नऊ वर्षांचा मुलगा असाच गेला. आई रायफल रिकामी करत होती, सेफ्टी सोडली आणि गोळी घोड्यांच्या ट्रेलरमधून आरपार जाऊन त्याला लागली. १९८२ पासून कंपनीने ते कुलूप काढून टाकलं होतं, पण आधीच्या लाखो रायफली लोकांच्या घरीच होत्या. त्यांच्यासाठी बदल करून देण्याची योजना आली ती २००२ मध्ये, म्हणजे मुलगा गेल्यानंतर.

कंपनीची बाजूही सांगायला हवी. ट्रिगरमध्ये दोष आहे हे रेमिंग्टनने कधीच मान्य केलं नाही. त्यांचं म्हणणं असं की अपघात होतात ते लोकांनी ट्रिगर छेडल्यामुळे, साफसफाई न केल्यामुळे किंवा नकळत चाप दाबल्यामुळे, आणि नळी सुरक्षित दिशेला असती तर कोणी मेलंच नसतं. यातलं ट्रिगर छेडण्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. डबीला तीन स्क्रू असतात: पुढचा खालचा चापाचं वजन ठरवतो, पुढचा वरचा चापाची बाराच्या पुढची चाल थांबवतो आणि मागचा सिअरची पकड ठरवतो. हौशी मंडळी वजन कमी करायला जातात आणि मागचा स्क्रू फिरवून पकड कागदाएवढी करून ठेवतात. अशी रायफल उडाली तर दोष स्क्रू-ड्रायव्हर धरणाऱ्याचा. पण कारखान्यातून जशीच्या तशी आलेली रायफलही उडू शकते, याची जाण कंपनीत आधीपासून होती. चापाला अडवणारी जास्तीची कळ बसवण्याची सूचना खुद्द वॉकरने १९४८ मध्ये केली होती आणि तिचा खर्च रायफलीमागे साडेपाच सेंट होता, हे पुढे खटल्यांच्या कागदांतून बाहेर आलं. गोळी लागून एका टेक्ससच्या वकिलाला पक्षाघात झाल्यावर कंपनीने ६८ लाख डॉलर मोजून तडजोड केली आणि १९७८ च्या सुमारास ६०० हे भावंड मॉडेल परत बोलावलं. ७०० मात्र परत बोलावली नाही.

२००६ पासून एक्स-मार्क प्रो हा नवा ट्रिगर बसू लागला. त्यात सुटी पट्टी नाही, बांधणी मुळातच जास्त शहाणपणाची. पण एप्रिल २०१४ मध्ये त्यालाही परत बोलवावं लागलं. १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ दरम्यानच्या रायफलींत जुळणी करताना चिकटद्रव्य जास्त पडलं होतं आणि त्यामुळे ट्रिगर अडकून बार उडू शकत होता. हा आराखड्याचा दोष नाही, कामातला हलगर्जीपणा. तपासून साफ केलेला एक्स-मार्क प्रो वापरायला हरकत नाही, असं आमचं मत.

पुढे मालकांच्या सामूहिक दाव्यात तडजोड झाली, २०१७ मध्ये मिझुरीच्या संघीय न्यायालयाने ती मान्य केली. साधारण ७५ लाख बंदुकी तिच्या कक्षेत आल्या. मालकांना फुकट नवा ट्रिगर मिळणार होता. फार जुन्या काही मॉडेलांना तर नुसतं दहा-साडेबारा डॉलरचं कूपन. मान्यतेच्या सुमारास अर्ज आले होते जेमतेम २२ हजारांच्या आसपास. मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि त्याच वर्षी कंपनी दुसऱ्यांदा दिवाळखोरीत जाऊन तुकड्यांत विकली गेली. तेव्हा आज ट्रिगर बदलायचा तर खर्च आपल्याच खिशातला धरून चला.

दुकानात उभं राहून ओळखायचं कसं? चापाचा पुढचा चेहरा बघा. त्यावर उभ्या रेघा असतील तर तो वॉकर, गुळगुळीत असेल तर एक्स-मार्क प्रो. इथे एक गंमत लक्षात ठेवा: २०१४ च्या सूचनेत "रेघा असतील तर तुमची रायफल या यादीत नाही" असं होतं आणि ते वाचून कित्येकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यांच्याकडे होता जुना वॉकर. गुळगुळीत चाप असेल तर बोल्ट सोडणाऱ्या कळीवर पंचचा ठिपका आहे का बघा. असेल तर तो तपासलेला. मग सेफ्टी मागे, म्हणजे सुरक्षित बाजूला ओढा आणि बोल्टचा दांडा उचलून पाहा. उचलला जात नसेल तर कुलूपवाली, १९८२ च्या आधीची. नळीवर डाव्या बाजूला, रिसीव्हरला लागून बारीक अक्षरं कोरलेली असतात. पहिलं अक्षर महिन्याचं: बी जानेवारी, एल फेब्रुवारी, ए मार्च, सी एप्रिल, के मे, पी जून, ओ जुलै, डब्ल्यू ऑगस्ट, डी सप्टेंबर, ई ऑक्टोबर, आर नोव्हेंबर, एक्स डिसेंबर. त्यापुढचं अक्षर सालाचं. पण नळी बदललेली असू शकते, म्हणून तारखेपेक्षा चापावर विश्वास ठेवा. डबीच्या स्क्रूंवरचं लाखेसारखं सील फुटलेलं दिसलं तर कोणीतरी आत हात घातलाय.

विकत घेण्याआधी दुकानदाराच्या परवानगीने रिकाम्या रायफलीवर चाचणी करा. रिकामी म्हणजे मॅगझीन उघडून, बोल्ट पूर्ण बाहेर काढून, नळीतून उजेड बघून आणि चेंबरमध्ये करंगळी घालून. नळी वाळूच्या बादलीकडे किंवा पक्क्या भिंतीकडे, माणसाकडे कधीच नाही. बोल्ट घालून बंद करा. मागच्या टोपणात फायरिंग पिनचं शेपूट दिसतं. ताणलेली असताना ते मागे असतं, सुटली की आत जातं. तिथेच नजर ठेवा. सेफ्टी लावा, चाप जोरात दाबा, सोडा, मग बोट पूर्ण बाहेर काढून सेफ्टी पुढे करा. शेपूट हललं तर रायफल रॅकवर परत. आता सेफ्टी मधोमध, ना इकडे ना तिकडे अशी धरून चाप दाबा, सोडा आणि सेफ्टी पुढे करा. ही मधली जागाच अनेक ट्रिगरना फसवते. मग सेफ्टी सोडून बोल्ट दहा-पंधरा वेळा आपटून बंद करा, दर वेळी दांडा थोडा उचलून परत दाबा. शेवटी दस्त्याचं बूड रबरी चटईवर वीतभर उंचीवरून टाका आणि दोन्ही बाजूंनी रबरी हातोड्याने ठोका. चाप ओढायला किती भार लागतो ते काट्याने मोजा. मूळ ट्रिगर असेल तर शिकारीच्या रायफलीला साडेतीन पौंड, म्हणजे दीड किलोच्या वर असावा. एवढं सगळं पास झालं तरी वॉकर असेल तर तो निर्दोष ठरला असं नाही. आज कण नाही, उद्या असेल.

ट्रिगर बदलणं तासाभराचं काम. फिनिक्सच्या टिमनीचा ५१० हा शिकारीसाठी आमची पहिली पसंती. तीन पौंडांवर बसवून येतो, आत सुटी पट्टी नाही आणि भाग मोजकेच. कॅनडाच्या ट्रिगरटेकमध्ये रोलर असतो, धूळ आणि थंडी त्याला जास्त सोसते, पण चापाची चाल अजिबात जाणवत नाही. जाड हातमोजे घालणाऱ्यांनी आधी हाताळून बघावा. ज्युएल अप्रतिम, पण तो टेबलावरून कागद फाडणाऱ्यांसाठी. रानातल्या मातीत नेऊ नका. टिमनी, ट्रिगरटेकची किंमत साधारण दीड-दोनशे डॉलर.

काम असं. बोल्ट काढा, खालचे स्क्रू सोडवून दस्ता वेगळा करा. ट्रिगर रिसीव्हरला दोन आडव्या पिनांनी धरलेला असतो. त्यातली एक पिन बोल्ट अडवणारा तुकडा आणि त्याची इवलीशी स्प्रिंगही धरून असते. ती काढताना रायफल प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत धरा, नाहीतर स्प्रिंग कपाटाखाली आणि संध्याकाळ गुडघ्यांवर. नवा ट्रिगर त्याच पिनांवर बसवा, दस्त्यात परत बसवण्याआधी वरची चाचणी एकदा पूर्ण करा, दस्त्यात बसवून पुन्हा करा. दुसऱ्या खेपेत नापास होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे डबी किंवा सेफ्टीची कळ दस्त्याच्या लाकडाला घासणं. तेवढं लाकूड कानशीने काढा. स्क्रू लाकडी दस्त्याला ३५ ते ४५ इंच-पाउंड, ॲल्युमिनियमची बैठक (बेडिंग) असलेल्या दस्त्याला ६५ पर्यंत आवळा. एवढा आत्मविश्वास नसेल तर गनस्मिथकडे द्या. भारतात असलेल्या परवानाधारकाने तर घरी हात लावूच नये. शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो, म्हणून काम परवानाधारक कारागिराकडेच. तसंही आपल्याकडे ७०० क्वचितच. जास्त दिसते ती इशापूरची .३१५ रायफल, आणि तिची ली-एनफिल्ड पद्धतीची सेफ्टी मागचा कॉकिंग पीस (फायरिंग पिनचं शेपूट) आणि बोल्ट दोन्ही अडवते.

पिनलाच अडवणारी सेफ्टी हवी असेल तर विंचेस्टर ७० किंवा रूगर एम-७७ मार्क टू बघा. दोघींची तीन टप्प्यांची: मधल्या टप्प्यावर बार बंद पण बोल्ट उघडतो, म्हणजे बंदूक सुरक्षित ठेवूनच रिकामी करता येते. ७०० ला बोल्टच्या टोपणावर अशी सेफ्टी बसवून देणारे गनस्मिथ आहेत, खर्च ट्रिगरपेक्षा बराच जास्त.

ट्रिगर नवा असो वा जुना, डबीत तेल सोडू नका. गंजाच्या भीतीने मारलेला फवारा सहा महिन्यांत मधासारखा होतो आणि नोव्हेंबरच्या थंडीत मेणासारखा. लायटरच्या इंधनाने धुवा, वाळू द्या, संपलं. नळी साफ करताना बोअर गाइड (सफाईची सळई सरळ धरणारी नळकांडी) वापरा, नाहीतर काजळी मिसळलेलं सॉल्व्हंट चेंबरमधून मागे ओघळून नेमकं ट्रिगरमध्ये उतरतं. पुसून झाल्यावर रायफल नळी खाली करून उभी ठेवा.

रानात चेंबर भरायचं ते बसायच्या जागी पोचल्यावर. ट्री स्टँडवर (झाडावरच्या मचाणावर) चढताना, कुंपण ओलांडताना, गाडीत चढताना चेंबर रिकामं. सेफ्टी हलवताना नळी मऊ जमिनीकडे आणि पलीकडे काय आहे ते माहीत. ट्रेलरचा पत्रा, गाडीचा दरवाजा, लाकडी भिंत हे गोळीसाठी आडोसे नाहीत. कुलूपवाली रायफल रिकामी करताना तर बाकी सगळ्यांना आधी आपल्या मागे उभं करा.

किंमत ठरवताना मागितलेल्या भावातून नव्या ट्रिगरचे दोनशे डॉलर सरळ वजा करा. दुकानदाराला कारण ठाऊक असतं, फारसा वाद घालत नाही. आणि काढलेला वॉकर ट्रिगर खोक्यात ठेवून देऊ नका. मूळ भागांसकट रायफल हवी म्हणणाऱ्या संग्राहकाला द्यायचा असेल तर "वापरू नये" अशी चिठ्ठी तारेने बांधून द्या. नाहीतर कनेक्टर काढा, पक्कडीने दुमडा आणि डबी भंगारात टाका.